पंख्याच्या जोरावर चिखलदरा

परतवाड्यात गॅरेज चालवायचं म्हणजे चिखलदऱ्याच्या घाटावर अर्धा धंदा अवलंबून. आपलं गाव समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास, चिखलदरा अकराशेच्या वर. मधल्या तीसेक किलोमीटरांत गाडी सातशेहून जास्त मीटर चढते, तीही पाच माणसं, जेवणाचे डबे, पाण्याचा कॅन आणि चालू एसी घेऊन. पाऊस लागला की सोमवारी सकाळी दाराशी रांग, आणि तक्रार ठरलेली: ‘‘भाऊ, घाटात दम सोडते ना गाडी.’’ पूर्वी यावर फिल्टर, प्लग, क्लच एवढंच बोलणं व्हायचं. अलीकडे काही जण पिशवीतून खोकं काढतात. आत तळहाताएवढा बारा व्होल्टचा पंखा, दोन क्लिपा, लाल-काळी वायर, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘इलेक्ट्रिक टर्बो’. ‘‘एवढं बसवून देजा.’’

याचे घरगुती अवतारही असतात. आरा मशीन आणि वेल्डिंगच्या दुकानांचं हे गाव, त्यामुळे जुगाड करणाऱ्या हातांची वाण नाही. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर पीव्हीसी पाइपात बसवलेली मी पाहिली आहे. एका पठ्ठ्यानं तर लोहाराच्या भट्टीचा ब्लोअर जुन्या मारुती ८०० च्या बॉनेटखाली कोंबला होता आणि तो चालवायला मागच्या सीटवर घरचा इन्व्हर्टर ठेवला होता. त्याच्या कामाची सफाई पाहून मला खरंच कौतुक वाटलं. गाडी मात्र फटफट करत होती.

या लोकांना मी हसत नाही, कारण मूळ कल्पना चुकीची नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. इंजिनात हवा जास्त कोंबली, त्या मापानं पेट्रोलही वाढवलं, तर ताकद वाढणारच. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं ते याच विचारावर. घाटाचा आणि टर्बोचा संबंधही जुना आहे. उंचावर विरळ हवेत विमानाचं इंजिन ढेपाळतं, म्हणून १९१८ मध्ये अमेरिकेच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन थेट पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेलं आणि तिथं टर्बो लावून तपासलं. आपल्या चिखलदऱ्यावर परतवाड्यापेक्षा हवा सात-आठ टक्क्यांनीच विरळ, आणि वरच्या गारव्यानं त्यातलं थोडं परत मिळतं. म्हणजे आपल्या घाटात गाडी दमते ती मुख्यतः चढामुळे आणि ओझ्यामुळे. हवेचा दोष त्यात थोडाच.

आता त्या पंख्याकडे येऊ. इंजिन किती हवा ओढतं, याचा हिशेब सोपा आहे. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा घेतं. बाराशे सीसीचं इंजिन चार हजार आरपीएमला फिरलं तर कागदावर मिनिटाला चोवीसशे लिटर. प्रत्यक्षात थोडी कमी, पण तरी दोन हजारांच्या घरात. एवढी हवा नुसती पुढे सरकवली तर उपयोग नाही, कारण तेवढी इंजिन स्वतःच ओढतं. त्याहून जास्त कोंबून दाब तयार झाला पाहिजे. खऱ्या टर्बोच्या गाडीत अर्धा बार दाब ही साधी गोष्ट. अर्धा बार म्हणजे पाच मीटर उंच पाण्याच्या नळीचा दाब, जवळपास दीड मजला.

खोक्यातला पंखा किती दाब देतो, ते पाहायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात, ती घ्यायची, यू आकारात वाकवून फळीवर बांधायची आणि निळीचं पाणी भरायचं. एक टोक उघडं, दुसरं पंखा आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपात. इंजिन बंद ठेवून पंखा लावला की पाणी बोट-दोन बोटं सरकतं. गिऱ्हाईक खूश होतं, ‘‘पाहा, देते ना प्रेशर!’’ मग आम्ही लांब नळी खिडकीतून आत घेतो, पोरगा फळी धरून शेजारी बसतो आणि गाडी धामणगाव गढीच्या पुढच्या चढावर न्यायची. तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबला की पाणी उलटं फिरतं. दाब राहिला बाजूला, तिथं ओढ तयार होते. पंखा काढून त्याच चढावर पुन्हा पाहिलं तर ही ओढ कमी भरते. इंजिनला हवी तेवढी हवा पंखा देऊ शकत नाही, आणि त्याची पाती वाटेत आडवी येतात. म्हणजे ज्या क्षणी ताकद हवी, नेमकं त्याच क्षणी हे साहेब रस्ता अडवून उभे!

इथं कुणीतरी विचारतंच, ‘‘मंग मोठा पंखा लावू ना, काहून नाही होनार?’’ होईल, पण वीज कुठून आणणार? बाराशे सीसीच्या इंजिनला पाच हजार आरपीएमला अर्धा बार दाब द्यायचा तर हवा दाबायलाच तीन-चार किलोवॉट लागतात. बारा व्होल्टवर हे तीनशे अँपिअरच्या आसपास जातं. लहान गाडीचा अल्टरनेटर साठ-सत्तर अँपिअरचा, त्यात हेडलाइट, एसीचा पंखा, फ्युएल पंप. खोक्यातल्या पंख्याच्या वायरला पाच अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे तो साठ वॉटचा माल. घरच्या छताच्या पंख्याएवढा. विजेवर चालणारा खरा कॉम्प्रेसर ऑडीनं २०१६ मध्ये एसक्यू७ या डिझेल गाडीत दिला. त्यासाठी त्यांना ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा टाकावी लागली, कॉम्प्रेसर सात किलोवॉटचा, आणि तोही नेहमीच्या टर्बोंना जोर चढेपर्यंत थोडा वेळ मदत करण्यापुरता.

तरी लोक शपथेवर सांगतात की फरक पडला. ते खोटं बोलत नसतात. पंखा बसवताना मेकॅनिक मळका एअर फिल्टर बदलतो, निसटलेला पाइप घट्ट करतो, बॅटरीची वायर काढून परत लावतो. शिवाय पंख्याचा सुंऽऽ आवाज कानात भरतो. ‘‘आवाज त पाहा ना कसा येते!’’ असं म्हणणाऱ्याचा पाय नकळत अ‍ॅक्सिलेटरवर जास्त पडतो. मला विचाराल तर त्या पैशात सगळ्यात खरा भाग नवीन फिल्टरचा.

नुसता निरुपयोगी असता तरी चाललं असतं, पण यानं नुकसान होतं. पंखा फिल्टरनंतर बसतो, म्हणजे त्याचं पातं तुटलं तर तुकडा सरळ इंजिनच्या दिशेनं जातो, मध्ये अडवायला काही नाही. बॉनेटखालच्या उन्हाळ्यात स्वस्त प्लास्टिक मऊ पडतं आणि पातं घासू लागतं. कापलेल्या पाइपाच्या सांध्यातून आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ आत जाते, रिंगा आणि बोअर झिजतात, आणि वर्षभरानं सायलेन्सरमधून निळा धूर निघतो तेव्हा कुणाला पंखा आठवतही नाही. फ्यूज न टाकता थेट बॅटरीवरून ओढलेली वायर तर आग लावू शकते. संत्र्याच्या हंगामात भरलेल्या पिकअपमध्ये असली वायर दिसली की मी आधी ती कापतो, मग बोलतो.

त्या ब्लोअरवाल्या मारुतीची गोष्ट वेगळी होती. तिला कार्बोरेटर. वरून तोंडात दाबानं हवा, पण फ्लोट चेंबरला बाहेरची साधी हवा, त्यामुळे पेट्रोल जेटमधून वर यायलाच तयार नाही. हवा जास्त आणि पेट्रोल कमी म्हणजे इंजिन तापणार आणि फटाके वाजणार. प्लग काढले तर पांढरेफटक. आणि समजा कुणी सगळं जमवून खरा दाब तयार केला, तरी साध्या इंजिनचं कॉम्प्रेशन त्या दाबासाठी ठरवलेलं नसतं. पेट्रोल वेळेआधी पेटतं, खडखड नॉकिंग सुरू होतं आणि आधी हेड गॅस्केट, मग पिस्टन जातो. कंपनी टर्बोचं इंजिन बनवते तेव्हा पिस्टन, कूलिंग, इंजेक्टर, ईसीयू सगळंच त्याला साजेसं करते.

कायद्याचंही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. कलम १८२अ खाली बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात किंवा आग झाली तर विमा कंपनीचा सर्व्हेअर ती ओढलेली वायर पहिली पाहणार.

घाटात खरंच दम सुटत असेल तर हा क्रम धरा. आधी फिल्टर आणि प्लग. मग चाकं हातानं फिरवून ब्रेक चिकटत नाहीत ना ते पाहा, जाम कॅलिपरसारखा चोर दुसरा नाही. टायरची हवा. क्लच घसरतो का, म्हणजे आरपीएम वाढतं पण वेग वाढत नाही, असं होतंय का? हे सगळं ठीक असेल तर कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा. झिजलेल्या इंजिनला पंखा लावून तरुणपण येत नसतं. सीएनजीची गाडी असेल तर घाटात पेट्रोलवर घ्या, गॅसवर ताकद कमीच असते. अवघड वळणांवर एसी बंद करा. आणि गिअर खाली टाकायला लाजू नका, उंच गिअरमध्ये कुथवत नेण्यापेक्षा दुसऱ्यात मोकळेपणानं फिरलेलं इंजिन सुखी असतं.

एवढं करूनही समाधान नसेल, आणि खिसा परवानगी देत असेल, तर पुढची गाडी कंपनीचा टर्बो असलेली घ्या. आता एक लिटरच्या छोट्या इंजिनातही तो मिळतो. फक्त तिला कंपनीनं सांगितलेलंच ऑइल वेळेवर घाला. आणि घाट ताणून वर पोचलात की भीमकुंडाला गाडी लावताक्षणी चावी फिरवू नका, मिनिट-दोन मिनिटं तशीच चालू ठेवा. टर्बो तेव्हा लालभडक तापलेला असतो आणि त्याच्या बेअरिंगमधलं ऑइल इंजिन बंद होताच थांबतं.