कोयता पाजविण्यासाठी दगडाची निवड

ऊस तोडताना कोयत्याचा घाव जमिनीलगत व स्वच्छ बसला पाहिजे. धार बोथट असल्यास बुडखा पिंजतो, त्यातून रोगांचा शिरकाव होतो आणि खोडव्याची फूट जोमदार येत नाही. शिवाय बोथट कोयत्यास जोर अधिक लागतो व तो निसटून पायास इजा होण्याचा धोका असतो. याकरिता योग्य दगड निवडण्याकडे शेतकऱ्याने लक्ष पुरवावे.

दगडाचा प्रकार : कोयत्याचे पाते बहुधा कार्बनयुक्त पोलादाचे असते. असे पोलाद लवकर गंजते, परंतु धारही लवकर घेते. त्यास हिऱ्याची कणी बसविलेल्या महाग पट्टीची आवश्यकता नाही. सिलिकॉन कार्बाइडचा, म्हणजे बाजारात कार्बोरंडम या नावाने मिळणारा दगड पुरेसा होतो.

दगडाचा क्रमांक : क्रमांक जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक असतात. धारेस खाचा पडल्या असल्यास १०० ते १५० क्रमांकाचा भरड दगड वापरावा. नित्य पाजविण्यास २२० ते ३२० क्रमांकाचा दगड योग्य होय. १००० क्रमांकाचा दगड स्वयंपाकघरातील सुरीस उपयोगी पडतो. कोयत्याची इतकी तलम धार कठीण पेरांवर व मातीतील खड्यांवर टिकत नाही. एका बाजूस भरड व दुसऱ्या बाजूस बारीक कण असलेला जोडदगड घेतल्यास दोन्ही कामे भागतात. विकत घेताना त्यावर सरळ पट्टी ठेवून तो सपाट असल्याची खात्री करावी.

पाजविण्याची रीत : दगड पाण्याने ओला करावा. ज्या दगडास एकदा तेल लावले त्यास पुढेही तेलच वापरावे. काटकोनाचा निम्मा व त्याचा पुन्हा निम्मा केल्यास सुमारे साडेबावीस अंश होतात. कोयत्यास याहून किंचित अधिक कोन द्यावा. एका बाजूने घासताना विरुद्ध बाजूस बारीक उलटी कड बोटास लागली, म्हणजे बाजू बदलावी. शेवटी हलक्या हाताने ती कड काढून टाकावी. दातेरी विळा मात्र सपाट दगडावर घासू नये. त्याचे दाते झिजतात.

फिरत्या चाकाचा धोका : वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धार लवकर लागते, परंतु पातळ कड तापते. सुमारे ३०० अंश सेल्सिअसला ती निळी पडते व पात्याचे पाणी उतरते. मग कितीही घासले तरी धार टिकत नाही. कड निळ्या भागापलीकडे झिजवावी लागते, अथवा लोहाराकडून पात्यास पुन्हा पाणी द्यावे लागते. हातदगडावर थोडा वेळ अधिक लागला, तरी पाते सुरक्षित राहते.

काम संपताच कोयता धुऊन, कोरडा पुसून त्यास तेलाचा हात फिरवावा.