मुळी खरी, पण माप कुठे?



पिंपळनेरच्या डोंगराकडच्या पाड्यांवर मला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो: "ताई, भगताची मुळी घेऊ की दवाखान्याची गोळी?" आपल्यातल्या काहींना भगताचे सगळेच खोटे वाटते, तर काहींना झाडपाला म्हणजे निर्धोक वाटतो. सर्पगंधेची हकीकत या दोन्ही समजुती मोडते.

ही मुळी आपल्या देशात सर्पदंशावर, वेडावर आणि झोपेसाठी पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. १९३१ साली कलकत्त्यात डॉ. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिने रक्तदाब उतरतो असे नोंदवले. पुढे मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना ती देऊन आधीचे व नंतरचे आकडे मांडले. १९४९ मध्ये त्यांचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि पार बोस्टनचे डॉक्टर ती वापरू लागले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसरपिन वेगळे काढले गेले. (हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचा लेप बांधला, हे आपण वाचतो; त्याचे माप मात्र कोणी लिहून ठेवले नाही.)

रेसरपिन नसांच्या टोकांशी साठलेली काही द्रव्ये रिकामी करते. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते. तीच द्रव्ये मेंदूतही असतात, म्हणून सुस्ती येते, नाक चोंदते, आणि काही रुग्णांना खोल उदासी आल्याच्याही नोंदी आहेत. शिवाय मुळीत ते किती, हे झाडागणिक बदलते. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, चिमटीवर नसतात. आणि नाव सर्पगंधा असले तरी साप चावल्यावर तिच्यापायी वेळ घालवू नका. तिथे दवाखान्यातले प्रतिविषाचे इंजेक्शनच हवे.

एका पाड्यावरचे बाबा बीपीची सरकारी गोळी आणि कुणी दिलेली मुळीची पूड, दोन्ही घेत. उठताना त्यांना चक्कर येई. बसून वरचा आकडा ११०, उभे राहिल्यावर ८४. मी पुडीला नावे ठेवली नाहीत. ती घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे गेले. पूड झाल्यावर ती कशाची, हे कोणालाच ओळखता येईना. डॉक्टरांनी ती थांबवली व आठवड्याने पुन्हा बोलावले.

तेव्हापासून घरी गेल्यावर मी विचारते, "गोळीबरोबर आणखी काय घेता?" रागावून विचारले तर लोक लपवतात. भगतबाबांना आमची एकच विनंती असते: मुळी कुटण्याआधी पानासकट दाखवा.