लग्न झालेल्या बहिणीचीही सही लागते

गोव्यात डिचोलीच्या बाहेर, मुळगावच्या वाटेवर ते घर होते. जाहिरातीत पडवी, विहीर, मागची माडांची बाग, सगळे होते. जमीन कोणाची, तेवढेच नव्हते. मी ते पहिल्याच भेटीत विचारले. घरवाल्याने वडिलांच्या नावाचा जुना एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा), घरपट्टीची पावती आणि वीजबिल पुढे केले. वडिलांच्या पश्चात वारसांमधल्या कायदेशीर वाटणीबद्दल 'इन्व्हेंटरी झाली, आता मी एकटाच मालक,' असे सहीनिशी लिहून दिले. मगच मी दोन लाखांचा विसार दिला.

शिरगावच्या लईराईच्या जत्रेला घरवाल्याची बहीण माहेरी आली होती. मी मोजणीसाठी गेलो तेव्हा ती पडवीत बसलेली. "दादा घर विकतो? आणि आम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही! बाबांची इन्व्हेंटरी झालीच कुठे?" तिचा नवरा शेजारीच उभा होता. भाऊ तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "ती सासरी गेली, तिचा काय संबंध? कांय जावचें ना." सख्ख्या बहिणीसमोर, तिच्या वडिलांच्या घरात तो हे बोलला. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागले आहे.

संबंध आहे, पुरेपूर आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने मुलगा-मुलगी समान वारस आहेत. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून बहिणीबरोबर तिच्या नवऱ्याचीही सही लागते. डिचोलीत जन्मलेल्याला हे माहीत नव्हते, यावर मी विश्वास ठेवणार नाही. हा व्यवहार जुळवणाऱ्या दलालाने तर फोन घेणेच सोडले.

म्हणून सांगतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स घेऊ नका, ताजा उतारा स्वतः काढा. सातबाऱ्याची सवय असलेल्यांनी एक-चौदाच्या उताऱ्यातले कुळाचे आणि इतर हक्कांचे रकाने आधी वाचावेत. घरात मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, असेल तर 1975 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला सहजासहजी उठवता येत नाही. घरपट्टी भरली म्हणून कोणी मालक होत नाही. इन्व्हेंटरीचा निकाल किंवा वारसाचा दस्त हातात आल्याशिवाय, आणि प्रत्येक वारस जोडीदारासह सहीला तयार असल्याशिवाय, एक रुपयाही देऊ नका. जमिनीची बिगरशेती वापराची सनद बघा. मयेत घर बघत असाल तर चौकशी दुप्पट करा; तिथल्या स्थलांतरितांच्या मालमत्तेचा प्रश्न पोर्तुगीज गेल्यापासून लोकांच्या मानगुटीवर आहे.

आजूबाजूचा परिसरही बघा. मुळगाव, लामगाव, शिरगाव भागात घर खाणीच्या लीजच्या हद्दीत येते का, हे नकाशावर तपासा. मुळगावचे लोक घरे, देवळे, शेती लीजमधून वगळा म्हणून भांडत आहेत. पावसात एकदा जा, विहिरीचे पाणी बघा, शेजाऱ्यांशी बोला. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून दलालांची घाई वाढली आहे. तिथे घाई करणाऱ्याला सरळ नाही म्हणा. चांगला वकील गाठा.

माझा विसार परत मिळालेला नाही, मी वकिलाची नोटीस पाठवली आहे. त्या घराची जाहिरात आजही चालू आहे आणि मालक एकच असल्याचे तिच्यात लिहिले आहे. ते घर कोणी बघायला जात असेल तर त्याने आधी त्या बहिणीला भेटावे.