पाटी चुकली, गिऱ्हाईक हसलं… आता पुढे काय?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पाहिलं की कामात काही बिनसलं तर डोकं शांत कसं ठेवायचं. आज त्याचाच सविस्तर धडा. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

समजा, दिवाळी आठ दिवसांवर आलीय. पनवेलच्या बाजारात तुमचा फराळाचा स्टॉल लागतोय. फ्लेक्स छापून आला, दोरी बांधून झाली आणि मग लक्षात आलं की त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "घरगुती फरार मिळेल". येणारा-जाणारा थांबून फोटो काढतोय. नवीन फ्लेक्स उद्याशिवाय मिळणार नाही. तुम्ही काय कराल? छापणाऱ्याशी तासभर भांडाल, की खाली मार्करने लिहाल, "फरार व्हायच्या आत घेऊन जा"?

भांडणात तास जातो आणि गिऱ्हाईकही जातं. मार्करला दहा रुपये लागतात. पण हे त्या क्षणी सुचायला हवं, आणि त्यासाठी सवय लागते.

आपल्याच मातीतलं उदाहरण: दादासाहेब फाळके

'राजा हरिश्चंद्र' काढायचा तेव्हा फाळक्यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवून कर्ज उचललं होतं. म्हणजे फसलं असतं तर घरच रस्त्यावर. अशा माणसाला अडचणी कसल्या आल्या पाहा.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. सिनेमात काम करतो म्हटलं की लोक नाकं मुरडायचे, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं, "विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरी करतो म्हणा!" पुढे 2009 साली परेश मोकाशींनी याच प्रवासावर सिनेमा काढला, त्याचं नावही 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'.

आपल्या कर्जत लाइनवरच्या वांगणीला शूटिंग होतं. लाकडी तलवारी-ढाली घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं, दरोडेखोर आले! पोलिसांनी मंडळींना धरलं. तेव्हा फाळक्यांनी वाद घातला नाही. सामान दाखवलं आणि कॅमेऱ्यात फिल्म न घालताच एक प्रसंग शूट करून दाखवला, असं सांगतात. मंडळी सुटली.

3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये सिनेमा लागला. पुढे सुरतेला मात्र पहिल्या दिवशी गल्ला जमला फक्त 3 रुपये. तिथल्या लोकांना दोन आण्यांत कित्येक तासांचं नाटक मिळायचं, मग दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? फाळक्यांनी जाहिरात बदलली: 57,000 फोटो, दोन मैल लांब चित्र, आणि तेही फक्त तीन आण्यांत! लोकांना गंमत वाटली आणि गर्दी वाढली.

इथे थांबा आणि नीट बघा. तिकीट महाग वाटतंय ही तक्रार त्यांनी खोडून काढली नाही. मापच बदललं. तुम्ही तास मोजताय ना, मग फोटो मोजा! (दोन मैलांचं मात्र अनुकरण नको. सिनेमाची लांबी साधारण 3,700 फूट सांगतात, म्हणजे एक मैलसुद्धा नाही. आज गिऱ्हाईक मोबाईलवर लगेच तपासतं. गंमत करा, थाप मारू नका.)

लक्षात ठेवायचे चार नियम

1. आधी दुरुस्ती, मग विनोद. केकवर नाव चुकलं तर आधी "दहा मिनिटांत करून देते" म्हणा. हसणं नंतर. उलट केलंत तर गिऱ्हाईकाला वाटतं, यांना काही पडलेलीच नाही.

2. हसायचं ते प्रसंगावर किंवा स्वतःवर. गिऱ्हाईकावर नाही आणि कामाला ठेवलेल्या पोरावर तर अजिबात नाही. मालक चारचौघांत हसला की पोरगं पुढची चूक लपवायला शिकतं, आणि लपवलेली चूक जास्त महाग पडते.

3. चार तास थांबा. मेहनतीने केलेल्या रीलला 43 व्ह्यूज आले, त्यातले निम्मे घरचेच! लगेच डिलीट करू नका. जेवा, झोप काढा, मग बघा. 43 मधल्या एकाने जरी भाव विचारला असेल, तर धंदा तिथे आहे.

4. काही ठिकाणी हसायचं नाही. कुणाचे पैसे अडकले, कुणाला खाऊन त्रास झाला, कुणाचं लग्नाचं काम वेळेवर झालं नाही, तर तिथे सरळ माफी आणि भरपाई.

आणि एक कडू गोष्ट

विनोदबुद्धीने हिशेब सुटत नाहीत. याच फाळक्यांचं पुढे कंपनीतल्या भागीदारांशी पटलं नाही. ते सगळं सोडून काशीला गेले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. नंतर परत आले, सिनेमेही काढले, पण शेवटची वर्षं ओढगस्तीची गेली. तेव्हा भागीदारीचा करार कागदावर हवा आणि रोजची जमा-खर्चाची वहीही हवी. हसतमुख स्वभावाने वाईट दिवस निभावतो, महिना निभावायला गल्ल्यात पैसेच लागतात.

गृहपाठ

वहीत एक पान आखा. डाव्या बाजूला गेल्या महिन्यातल्या तीन फजित्या लिहा. मधल्या रकान्यात प्रत्येकीचं रुपयांत नुकसान लिहा. उजवीकडे ती गोष्ट मित्राला चहा पिताना कशी सांगाल, ते दोन ओळींत लिहा. बऱ्याच जणांना दिसेल की मनाला लागलेली फजिती पन्नास-शंभर रुपयांची होती, आणि खरं मोठं नुकसान झालं ते भलतीकडेच. त्या मोठ्या आकड्याभोवती लाल गोल करा. पुढच्या व्हिडिओत आपण त्यावरच काम करणार आहोत.