नकाशा काढण्यापूर्वी

आमच्या गावच्या वाड्यात ओसरी पुरुषांची आणि माजघर बायकांचे. वाडा बांधताना पणजीला कोणी विचारले असेल का, हा प्रश्न मला इल्फर्डला आल्यावर पडला.

निमित्त झाले व्हाइटचॅपलच्या एका इमारतीचे. इल्फर्डहून एलिझाबेथ लाइनने तेथे थेट जाता येते. आशियाई स्त्रियांसाठी तेथे १९८७ साली 'जागोनारी' हे केंद्र उभे राहिले. त्याचा आराखडा 'मॅट्रिक्स' या स्त्री वास्तुविशारदांच्या गटाने केला, तोही तेथील भगिनींना विचारूनच. विटा निवडायलासुद्धा त्यांनी सर्वांची सहल काढली! वंशद्वेषी हल्ल्यांची भीती होती, म्हणून खिडक्यांना जाळ्या बसवल्या. पण तुरुंग वाटू नये म्हणून त्या नक्षीदार केल्या. आयांना निश्चिंतपणे शिकता यावे म्हणून पाळणाघरही ठेवले.

वाचकहो, गेल्या उत्सवाच्या हॉलमध्ये शंभर पानांच्या स्वयंपाकाला एकच सिंक होते आणि बाळाला पाजायला आडोसा नव्हता. हॉल पाहायला आम्ही चौघे पुरुषच गेलो होतो. यंदा प्रसाद करणाऱ्या भगिनींना बरोबर नेऊ या, आणि होकार त्यांनीच द्यावा.