नाकात चमकी, ओठाला बासरी

नाकात चमकी असलेल्या मुलीला बासरी शिकायला जाताना कुणी अडवत नाही. तीच मुलगी खालचा ओठ टोचून आली की घरचे, गुरुजी आणि दातांचे डॉक्टर यांचं तिघांचंही मत एकदम तयार असतं. ती मतं घटकाभर बाजूला ठेवू. चेहऱ्यावर टोचलेलं असताना वाद्य फुंकता येतं की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं: धातू कुठे बसतो आणि वाद्य कुठे टेकतं. बाहेरून चमकणारा खडा सगळ्यांना दिसतो. वादकाला सतावते ती मात्र आतली, हिरडीला लागणारी चपटी चकती. ओठाच्या दागिन्याबद्दल पुढे जे सांगितलंय, ते बहुतेक या चकतीपायीच.

आधी खूण करा, मग टोचा

टोचून झाल्यावर विचार करणारे पुष्कळ. तुम्ही अजून टोचलं नसेल, तर अर्धा तास काढा आणि ही परीक्षा घ्या.

आरशासमोर उभं राहून जिथे टोचायचंय तिथे काजळाच्या पेन्सिलीने ठळक ठिपका काढा. मग नेहमीसारखं वाद्य उचला आणि दहा मिनिटं वाजवा, मंद्रापासून तारापर्यंत, जोर लावूनही. ठिपका फिसकटला किंवा वाद्याला काजळ लागलं, तर दागिना तिथेच घासणार हे नक्की. ट्रम्पेट किंवा शंख वाजवणाऱ्यांनी माउथपीसच्या कडेला लिपस्टिक लावून ओठाला टेकवावं. ट्रम्पेटच्या कडेचा बाहेरचा व्यास साधारण 27 मिलिमीटर आणि आतला 16–17 मिलिमीटर असतो, म्हणजे ओठांवर चांगली रुंद बांगडी उमटते. ठिपका त्या बांगडीत किंवा तिच्या आत आला तर जागा बदला.

दुसरी परीक्षा आतली, आणि तीच खरी. दातांना तारा लावलेल्यांना डॉक्टर मेण देतात, ते औषधांच्या दुकानातही मिळतं. त्याची तांदळाच्या दाण्याएवढी गोळी चपटी करून, जिथे चकती येईल त्या दातावर किंवा हिरडीवर चिकटवा आणि पुन्हा वाजवा. मेण जागचं हललं, दाबलं गेलं, किंवा ते चुकवायला तुम्ही नकळत ओठ तिरका धरू लागलात, तर उत्तर मिळालं. नवशिक्यांनी ही परीक्षा एकदा घेऊन थांबू नये. त्यांच्या ओठांची पकड अजून ठरलेली नसते, आज जिथे बासरी टेकते तिथे ती सहा महिन्यांनी टेकेलच असं नाही.

कोणत्या वाद्याला काय चालतं

बासरीत खालचा ओठ मुखरंध्राचा काही भाग झाकतो आणि फुंक समोरच्या काठावर आपटते. म्हणून खालच्या ओठाच्या मधोमध, अगदी खाली टोचलेलं असलं तरी, ते बांबूवर येतं. पन्नालाल घोष यांनी मैफलीत रुजवलेली लांब बासरी वाजवत असाल, तर मुखरंध्र मोठं आणि ओठाचा टेकाही मोठा. तिथे ही अडचण वाढते. ओठाच्या कोपऱ्याजवळचं मात्र बासरीवाल्यांना बहुधा निभावतं. पाश्चात्त्य फ्ल्यूटला ओठाखाली धातूची पट्टी असते. तिच्यावर खडा घासला की चरे पडतात आणि आवाजात बारीक किणकिण मिसळते.

क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनला खालचा ओठ दातांवर दुमडून घ्यावा लागतो आणि रीड त्या ओठावर बसते. ओठ दुमडला की आतली चकती वर सरकते आणि थेट दाताच्या धारेशी येते. एका बाजूने रीडचा दाब, दुसऱ्या बाजूने दात, मधे धातू. या वाद्यांसाठी खालच्या ओठाच्या मध्यभागी टोचू नये, हे माझं सरळ मत आहे. कितीही चांगली चकती आणली तरी ते बदलत नाही.

सनई आणि सोलापूरची सुंदरी या दोघींची पत्ती ओठांमध्ये धरायची असते, तेव्हा वरचा आणि खालचा दोन्ही ओठ कामात येतात. शिवाय सूर अखंड धरायचा तर गाल फुगवून, त्यातली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घ्यावा लागतो. इथे गालावरचं टोचणं बाद. आणि एरवी निरुपद्रवी असलेलं नाकातलं टोचणंही ताजं असेपर्यंत त्रास देतं, कारण सुजलेल्या नाकपुडीतून तो झटपट श्वास येत नाही.

ट्रम्पेट, तुतारी, शंख यांत ओठच थरथरतात. वरच्या ओठाच्या मध्यभागी, नाकाखालच्या पन्हाळीत टोचलेलं असेल तर कडेचा दाब नेमका तिथे पडतो. कोपऱ्यातलं चालू शकतं, पण काजळाची परीक्षा पास झाली तरच.

जिभेचं सांगायचं तर जीभ प्रत्येक वाद्यात चालते. तुत्कार काढताना, म्हणजे जिभेने सूर सुटे करताना, ती दरवेळी दातामागे जाते, आणि तिथे धातूचा गोळा असला की दर तुत्काराला टकटक होते. जिभेतल्या दांड्यामुळे खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी मागे सरकणं आणि दाताचे टवके उडणं हे दंतवैद्यांना चांगलंच ठाऊक आहे. वादकाने जीभ टोचू नये.

नाकपुडीची चमकी कुणालाच नडत नाही. नाकाच्या पडद्यात, सेप्टममध्ये, घोड्याच्या नालेच्या आकाराची रिंग असेल तर वाजवताना ती उलटी करून नाकात लपवता येते. अर्थात भरून आल्यावरच.

वेळ निवडणं

ओठ वरवर बरा व्हायला 6 ते 8 आठवडे लागतात, आतून पक्का व्हायला तीनेक महिने धरा. सेप्टमला 2–3 महिने, नाकपुडीला 4 ते 6 महिने. या काळात दागिना काढायचा नाही. ताजं भोक काही तासांत, कधी काही मिनिटांत आवळून येतं, आणि परत घालताना जखम पुन्हा फाटते. त्यामुळे ‘कार्यक्रमापुरतं काढीन’ हा बेत पहिल्या दोन महिन्यांत डोक्यातून काढून टाका.

गणपतीतल्या शंखनाद पथकात असाल तर सराव सुरू होण्याच्या तोंडावर टोचू नका, विसर्जन आटोपल्यावर टोचा. लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांना तुळशीच्या लग्नानंतर उसंत नाही, त्यांनी त्याआधी दोन-तीन मोकळे महिने शोधावेत. शाळकरी मुलांची मे महिन्याची सुट्टी ओठाला पुरत नाही, हे पालकांनी आधीच सांगून ठेवावं.

दागिना कसला आणि टोचणार कोण

नाक सोनाराकडे टोचण्याची आपली पद्धत आहे, आणि सुई नवी, हात स्वच्छ असतील तर नाकपुडीपुरतं ते चालतं. ओठ मात्र सोनाराकडे टोचू नका, आणि बंदुकीने तर काहीच टोचू नका. बंदूक कातडी चिरडते आणि तिचं पुरेसं निर्जंतुकीकरण होत नाही. पाकीट तुमच्यासमोर फोडून सुई काढणारा, मागितल्यावर निर्जंतुकीकरणाचं यंत्र दाखवणारा माणूस शोधा. धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असू द्या.

धातू शरीरात बसवण्याच्या दर्जाचं टायटॅनियम असावा, त्याचं मानक एएसटीएम एफ-136. स्वस्त पोलादात निकेल असतं आणि पुष्कळांच्या कातडीला ते खपत नाही. ओठासाठी सपाट चकतीची दांडी घ्या, 16 गेजची, म्हणजे 1.2 मिलिमीटर जाडीची. रिंग घेऊ नका, ती हलते आणि अडकते. पहिली दांडी मुद्दाम लांब असते, कारण ओठ सुजतो. सूज उतरल्यावर, साधारण 2 ते 4 आठवड्यांनी, परत जाऊन ती छोटी करून घ्यायची असते. लोक इथेच आळस करतात. लांब दांडी पुढेमागे होत राहते, चकती दातावर आपटते, आणि वादक म्हणतो, ‘टोचल्यामुळे वाजत नाही.’ पुष्कळदा ते दांडीच्या लांबीमुळे वाजत नसतं.

जखम ताजी असताना

दिवसातून दोनदा 0.9 टक्क्याच्या निर्जंतुक मिठाच्या पाण्याने बाहेरून पुसा. औषधांच्या दुकानात ‘नॉर्मल सलाईन’ म्हणून ते मिळतं. जेवल्यावर तोंड साध्या पाण्याने किंवा अल्कोहोल नसलेल्या माउथवॉशने खळखळून धुवा. डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड लावू नका. आजी हळद आणि खोबरेल घेऊन येईल. तिला नाराज न करता ती वाटी दुसऱ्या कामाला वापरा, कारण तेलाचा आणि हळदीचा थर भोकावर वाळला की खालचा पाझर आत कोंडतो. मिसळ काही दिवस विसरा, तंबाखू कायमची विसरलात तर उत्तम.

ओठ टोचला असेल तर या काळात वाद्य ओठाला लावायचं नाही. मग करायचं काय? बासरीवर नुसती बोटं चालवा, तोंडाने बोल म्हणत. पलटे गा. ताल हातावर धरून रागाची चलनं पक्की करा. सूर गळ्यात बसला की वाद्यावर परतल्यावर बोटं चटकन जुळतात. नाकात चमकी घातली असेल तर दुखणं थांबल्यावर, सहसा आठवड्याभरात, वाजवायला हरकत नाही. फक्त घाम टिपताना रुमाल चमकीत अडकवू नका.

परत सुरुवात

पाच मिनिटांपासून. बासरी असेल तर मंद्र आणि मध्य सप्तकातले लांब, शांत सूर. तार सप्तकाला हात घालू नका, कारण तिथे ओठ ताणला जातो. ट्रम्पेटवर मधल्या पट्टीतले सूर, हलक्या फुंकेने. जितकं वाजवलं तितकीच विश्रांती. दुसऱ्या दिवशी ओठ दुखला नाही, लाल झाला नाही, तरच पाचाची आठ मिनिटं करा. दुखला तर दोन दिवस मागे या. साधारण दोन आठवड्यांत अर्ध्या तासापर्यंत जाता येतं. त्यात घाई करून काही कमावता येत नाही.

एक गोष्ट आरशात बघत राहा. ओठ धातूला चुकवायला शिकतो. कोपरा किंचित ओढला जातो, मुखरंध्र सरकवून धरलं जातं, आणि महिन्याभरात ती सवय होते. पुढे दागिना काढला तरी ती जात नाही. टोचण्याआधी फोनवर ओठांचं जवळून चित्रीकरण करून ठेवलं असेल तर ताडून बघणं सोपं जातं. गुरुजींना विचारा, त्यांना आवाजावरूनच कळेल.

वाद्याची स्वच्छताही याच काळात कडक ठेवा. शंख वाजवल्यावर पाण्याने धुवा. पितळी माउथपीस कोमट पाण्यात, सौम्य साबणाने. क्लॅरिनेटचं काळं एबोनाइटचं माउथपीस गरम पाण्यात घालू नका, ते हिरवट-तपकिरी पडतं. जुनी रीड फेकून नवी घ्या. बांबू भिजवता येत नाही, म्हणून बासरीचं मुखरंध्र ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करा. शाळेच्या बँडमध्ये एकच माउथपीस चार तोंडांत फिरतं. जखम असेपर्यंत त्यातलं एक तोंड तुमचं नको.

नथीचं वेगळं सांगणं

मिरवणुकीत, लग्नात, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात नऊवारी आणि नथ ओघाने येते. नथ डाव्या नाकपुडीत, आणि तिचे मोती वरच्या ओठाच्या डाव्या अर्ध्यावर लोंबतात. बासरी उजवीकडे धरली तरी तिचा बंद शेंडा तोंडाच्या डावीकडे थोडा पुढे येतो, त्यामुळे मोठी नथ दोन्हींच्या मधे सापडते. नियम साधा: नथीचा सगळ्यात खालचा मोती वरच्या ओठाच्या काठाच्या वरच राहिला पाहिजे. तो फुंकेच्या वाटेत आला की सूर फाटतो. त्याहून मोठी नथ घालायची हौस असेल तर दोऱ्याने केसांकडे ओढून घ्या, किंवा फोटोपुरती घालून वाजवताना काढा.

दाबाच्या नथीपासून जपून राहा. ती नाकपुडी चिमटते, म्हणजे श्वास आखडतो, आणि सैल असेल तर सुटते. बासरीवाला तोंड उघडून झपकन श्वास ओढतो, त्या क्षणी सुटलेला मोती किंवा दागिन्याचा सैल झालेला गोळा कुठे जाईल, याचा विचार करा. म्हणून वाजवायला बसण्यापूर्वी, हात धुऊन, आटे असलेला प्रत्येक गोळा घट्ट करून बघायचा. रोज. आणि चुकून काही श्वासाबरोबर आत गेलंच, खोकला थांबेना, तर पाणी पिऊन वाट बघत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

थांबायचं कधी

पिवळा-हिरवा पू, ताप, पसरत जाणारा लालसरपणा, किंवा आतली चकती ओठाच्या मांसात रुतू लागणं, यांपैकी काहीही दिसलं तर वाजवणं बंद आणि डॉक्टरांकडे. दागिना स्वतः उपटून काढू नका, भोक वरून मिटतं आणि पू आत राहतो. जीभ इतकी सुजली की गिळायला किंवा श्वासाला त्रास होतोय, तर तिथे मिनिटभरही थांबू नये.

ओठ नीट भरून आल्यावरचा चांगला मार्ग म्हणजे वाजवताना धातू काढून मऊ, सपाट रिटेनर, म्हणजे भोक मिटू न देणारी बदली दांडी, घालणं. भोक तसंच उघडं ठेवलं तर त्यातून लाळ पाझरते आणि दोन तासांच्या मैफलीत ते मिटण्याचीही भीती असते. रिटेनरची एक डबी आणि ‘नॉर्मल सलाईन’ची छोटी बाटली वाद्याच्या पेटीतच ठेवून द्या.

दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला दाखवा. नुसतं ‘ओठ टोचलाय’ सांगून भागत नाही, तो हिरडी बघेल आणि सोडून देईल. वाद्य किंवा निदान त्याचं माउथपीस बरोबर न्या, खुर्चीत बसूनच ते ओठाला लावून दाखवा, आणि चकती कोणत्या दाताच्या मुळाशी दाबली जाते ते त्याला बोटाने तपासू द्या.