रॅम जोडली, पण जुळली का?

जुन्या संगणकात रॅम वाढवणं हा स्वस्तातला आणि लगेच गुण देणारा उपाय आहे. एसएसडी टाकली आणि रॅम दुप्पट केली, की दहा वर्षांचं यंत्रही आणखी काही वर्षं नेटानं काम देतं. म्हणूनच छोटी कार्यालयं, शाळा, वाचनालयं हाच मार्ग धरतात आणि त्यात गैर काहीच नाही. पण पट्टी स्लॉटमध्ये बसली, स्क्रीनवर वाढीव आकडा दिसला आणि पैसे चुकते केले, एवढ्यावर थांबणाऱ्यांनी पुढचा अनुभव जरूर वाचावा.

मी डीटीपीचं काम करतो. दिवाळी अंकांच्या ऐन हंगामात आमच्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या संगणकात एका दुकानदारानं ८ जीबीची आणखी एक, वापरलेली पट्टी बसवून दिली. विंडोजमध्ये १६ जीबी दिसली. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग मांडणी चालू असताना इनडिझाइन मधूनच बंद पडू लागलं. पीडीएफ कधी निघायची, कधी अर्ध्यावर अडायची. एका लेखकाच्या फोटोचा वरचा भाग स्वच्छ आणि मधल्या एका ओळीपासून खाली सगळा हिरवट झाला. आमच्या धंद्यात पहिला संशय फॉन्टवर जातो, दुसरा व्हायरसवर. दोन्ही तपासून झालं, तरी फरक पडेना.

खरा धागा सापडला तो फाइलच्या हॅशमध्ये. विंडोजच्या सर्टयुटिल या आज्ञेनं फाइलचा हॅश, म्हणजे तिचा अंगठ्याचा ठसा काढता येतो. फाइल बदलली नाही तर तो कितीही वेळा काढा, तोच यायला हवा. आमच्याकडे एकाच मोठ्या झिप फाइलचे लागोपाठ दोन वेगळे हॅश आले. डिस्कची तपासणी निर्दोष होती. म्हणजे वाचलेली माहिती मेमरीत पोचल्यावर बिघडत होती.

पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ चालवलं आणि लाल ओळी दिसू लागल्या. प्रत्येक ओळीत लिहिलेलं मूल्य आणि वाचलेलं मूल्य यांत बहुधा एकाच बिटचा फरक. मग दोन्ही पट्ट्या काढून लेबलं शेजारी शेजारी धरली. एकीवर पीसी३एल-१२८००, दुसरीवर पीसी३-१२८००. क्षमता तीच, वेग तोच, खाचही त्याच जागी; फरक फक्त ‘एल’ या एका अक्षराचा. बायोसमध्ये मेमरीचं व्होल्टेज ‘ऑटो’वर नव्हतं, ते १.३५ वर पक्कं केलेलं होतं. नवी पट्टी एकटी लावून १.३५ वर तपासली, तर चुका आल्या. तीच पट्टी त्याच स्लॉटमध्ये १.५ व्होल्टवर ठेवली, तर रात्रभरात एकही चूक नाही. पट्टी धडधाकट होती, तिला लागणारी वीज तिला मिळत नव्हती.

साध्या डीडीआर३ पट्टीला १.५ व्होल्ट लागतात, मानकानुसार १.४२५ ते १.५७५ ही तिची चौकट. डीडीआर३एलला १.३५ पुरतात. मदरबोर्ड सगळ्या पट्ट्यांना एकच व्होल्टेज देतो; एकीला कमी, दुसरीला जास्त अशी सोय घरगुती संगणकात नसते. डीडीआर३एल पट्टी मानकानुसार १.५ वरही चालते, पण साधी डीडीआर३ पट्टी १.३५ वर चालेलच याची हमी कुणी देत नाही. ती बंद पडली तर बरं, निदान दोष कळतो. ती कशीबशी चालते आणि मधूनच एखादा बिट चुकवते, हे जास्त घातक.

उलट बाजूचा धोकाही आहे. गेमिंगसाठी विकल्या गेलेल्या काही डीडीआर३ पट्ट्यांचं एक्सएमपी प्रोफाइल १.६५ व्होल्ट मागतं. ते चालू केलं की शेजारच्या १.३५ च्या पट्टीलाही १.६५ मिळतात. इंटेलच्या २०१५ मधल्या सहाव्या पिढीपासून प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरला डीडीआर३चा १.३५ चाच प्रकार मान्य आहे, तिथे १.५ ची पट्टी वापरूच नये. अनेक लॅपटॉपही फक्त १.३५ वर चालतात. डीडीआर४ला साधारण १.२ आणि डीडीआर५ला १.१ व्होल्ट लागतात, पण त्यांच्या खाचा वेगळ्या असल्यानं त्या डीडीआर३च्या स्लॉटमध्ये बसतच नाहीत. फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एलमध्ये, कारण तिथे खाच अडवत नाही.

म्हणून काही गोष्टी कटाक्षानं पाळा. लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा तालुक्याच्या दुकानात, आधी जुन्या पट्टीच्या लेबलाचा फोटो काढून न्या आणि पीसी३ की पीसी३एल ते जुळवा. लेबल पुसलं असेल तर सीपीयू-झेडमधल्या एसपीडी पानावर प्रत्येक स्लॉटमधल्या पट्टीचं व्होल्टेज दिसतं. शक्यतो एकसारखी जोडीच घ्या. मिश्र पट्ट्या वापरणं भागच असेल, तर प्रोसेसर आणि बोर्डला १.५ चालतात याची खात्री करा, एक्सएमपी बंद ठेवा आणि व्होल्टेज ‘ऑटो’वर न सोडता १.५ आहे हे बायोसमध्ये डोळ्यांनी पाहा.

पट्टी लावल्यावर चाचणी करायचीच. आधी प्रत्येक पट्टी एकटी, मग दोन्ही एकत्र, मेमटेस्टवर रात्रभर. त्यानंतर विंडोजमध्ये प्राइम९५ ‘ब्लेंड’ प्रकारात काही तास चालवा, कारण प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही तापल्यावरच काही दोष वर येतात. मेमरीच्या चाचणीत काठावर पास असा प्रकार नसतो. एक चूक आली तरी ती जोडी नापास.

आणि चाचणी पूर्ण होईपर्यंत त्या यंत्रावर बॅकअप घेऊ नका. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते, त्यामुळे बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीवर चढते आणि मूळच हातचं जातं. आम्हाला त्या काळातली सगळी पानं छापील प्रुफांशी ताडून पाहावी लागली, फोटो लेखकांकडून पुन्हा मागवावे लागले. दुकानदारानं पट्टी बसवली की त्याच्याकडून चाचणीचा निकाल मागून घ्या, आणि तो मिळेपर्यंत त्या संगणकावर एकही महत्त्वाची फाइल उघडू नका.